पांढरी चार

पन्नाशी ओलांडलेल्या माणसाने काय शिकावे, याविषयी आपल्याकडे मते अगदी ठरलेली आहेत. ज्ञानेश्वरीचे पारायण चालते, योगासने चालतात, होमिओपॅथीचे पुस्तक आणून शेजाऱ्यापाजाऱ्यांना साबुदाण्यासारख्या गोळ्या वाटणे तर फारच चालते. अलीकडे नातवंडांकडून मोबाईल शिकणेही प्रतिष्ठेचे मानतात. गिटार मात्र या यादीत बसत नाही. गिटार म्हणजे कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये कपाळावर केस आलेल्या मुलाने वाजवायची वस्तू, असा आपला पक्का समज. त्यामुळे वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी पाठीला काळी पिशवी लावून मी टिळकवाडीतून शहापूरकडे जाऊ लागलो, तेव्हा वाटेत भेटणारे माजी विद्यार्थी आणि पालक आधी पिशवीकडे पाहत आणि मग नमस्कार करत. "सर, मुलीची का?" हा प्रश्न ठरलेला. "होय, मुलीचीच," असे मी सांगे. ते खरेही होते. शिकणारा मात्र मी होतो.

हा नाद हौसेने लागला नाही. २०२३ च्या जुलैत, बेळगावचा पाऊस नेहमीप्रमाणे झोडपत असताना, शाळेच्या वाटेवर माझी स्कूटर घसरली. पडताना माणूस आपोआप हात टेकतो. मीही टेकला आणि डाव्या मनगटाचे हाड मोडले. सहा आठवडे प्लास्टर होते. त्या काळात सगळे जण "नशीब, डावा हात!" असे म्हणून धीर देत होते. खडू उजव्या हातात, सही उजव्या हाताने, जेवण उजव्या हाताने. तेव्हा डाव्या हाताचे काय एवढे, असा त्यामागचा हिशेब. डावा हात काय काय करतो, हे तो गळ्यात अडकल्यावर समजते. शर्टाचे बटण लावणे, डब्याचे झाकण उघडणे, हजेरीपुस्तक धरणे, छत्री धरून कुलूप काढणे. उजवा हात काम करतो हे खरे; पण ज्यावर काम करायचे ती वस्तू डावा धरून ठेवतो.

प्लास्टर काढले तेव्हा आतून निघालेला हात मला माझा वाटेना. बारीक झालेला, पांढुरका, बोटे अर्धवट वाकलेली. मूठ वळेना. पाण्याचा पेला धरला तर तो घसरू लागे. डॉक्टर म्हणाले, "हाड छान जुळलंय. बोटांचं आता तुमच्या हातात आहे. थोडा कडकपणा राहूही शकतो." डॉक्टरांनी ते सहज सांगितले, पण मला माझे वडील आठवले. अर्धांगाच्या झटक्यानंतर त्यांचा डावा हात शेवटची चार वर्षे मांडीवर पडून असे. दुसऱ्या कोणाची तरी वस्तू सांभाळायला दिल्यासारखा. आई तो उचलून उशीवर ठेवायची. माझे दुखणे वेगळे, त्यांचे वेगळे, हे मला कळत होते. तरी रात्री झोपताना माझा हात उशीवर ठेवताना ते चित्र डोळ्यांपुढून हलत नसे.

फिजिओथेरपीच्या बाईंनी रबराचा चेंडू दिला. दोन आठवडे मी तो इमानाने दाबला. मग त्यांनी माझी बोटे एकेक करून तपासली आणि म्हणाल्या, "चेंडू दाबताना सगळी बोटं एकदम काम करतात. त्यात आळशी बोट लपून जातं. प्रत्येकाला वेगळं काम द्या." मास्तराला हे लगेच पटले. वर्गात सगळे मिळून कविता म्हणतात तेव्हा नुसते ओठ हलवणारा मुलगा असतो, तसेच हे! बाईंनी विचारले, "घरात पेटी आहे का?" पेटी आहे. आमच्या सौ. गेली तीस वर्षे महिला भजनी मंडळात पेटी वाजवतात. पण पेटीवर डावा हात भाता मारतो. बोटे चालतात ती उजव्याची. "मग तंतुवाद्य बघा," बाई म्हणाल्या. कपाटामागे धाकट्या मुलीची गिटार होती. नववीत हट्टाने घेतलेली, दहावीत अभ्यासापायी उभी करून ठेवलेली, आणि नोकरीसाठी ती पुण्याला गेल्यापासून कोणी न उघडलेली.

शहापुरात एका माडीवरच्या खोलीत गिटार शिकवणारा एक तरुण आहे. वय चोवीस. दिवसा मोबाईल दुरुस्तीचे दुकान, संध्याकाळी शिकवणी. घरची भाषा कानडी, मराठी बाजारात शिकलेली. पहिल्या दिवशी मला पाहून तो उठून उभा राहिला आणि मी त्याच्या समोरच्या स्टुलावर बसेपर्यंत बसलाच नाही. मी त्याला 'गुरुजी' म्हणू लागलो. आधी थट्टेने, नंतर मनापासून. त्याने गिटार हातात घेऊन दांडीच्या कडेने नजर टाकली, गंजलेल्या तारा उतरवल्या, पातळ तारांचा नवा संच चढवला, आणि ज्या हाडाच्या पट्टीवरून तारा खुंट्यांकडे जातात तिच्या खाचा कानशीने किंचित खोल केल्या. "तारा वर उचललेल्या होत्या, सर. मुलगी उगीच नाही सोडली," तो म्हणाला. नवीन शिकणारे गिटार का सोडतात, याचे त्याचे उत्तर दोन शब्दांचे होते. एक, उंच तारा. दुसरे, एफ.

एफ म्हणजे काय, हे गिटार न वाजवणाऱ्यांसाठी सांगायला हवे. गिटारला सहा तारा. उजव्या हाताने त्या एकदम छेडायच्या आणि डाव्या हाताच्या बोटांनी पडद्यांवर अशा दाबायच्या की निघणारे सगळे स्वर एकमेकांशी जुळावेत. या जुळणीला कॉर्ड म्हणतात. सुरुवातीच्या कॉर्ड सोप्या असतात. दोन-तीन बोटे ठेवायची, उरलेल्या तारा मोकळ्याच वाजू द्यायच्या. मोकळी तार म्हणजे फुकटचा स्वर. पहिल्या महिन्यात अशा पाच-सहा कॉर्ड येतात आणि माणसाला वाटते, जमले! मग येते एफ मेजर. हिच्यात एकही तार मोकळी नाही. तर्जनी आडवी करून पहिल्याच पडद्यावर सहाच्या सहा तारांवर पट्टीसारखी ठेवायची. मधले बोट तिसऱ्या तारेवर दुसऱ्या पडद्यात, अनामिका पाचव्या तारेवर तिसऱ्या पडद्यात, आणि करंगळी तिच्या शेजारच्या चौथ्या तारेवर, तिसऱ्याच पडद्यात. आडव्या बोटाच्या या प्रकाराला 'बारे' म्हणतात. शब्द फ्रेंच, अर्थ आडवी पट्टी घातलेला. स्पॅनिश लोक यालाच भुवई म्हणतात, आणि तारांवर आडवे पडलेले बोट खरोखरच भुवईसारखे दिसते.

पहिल्या संध्याकाळी गुरुजींनी माझी बोटे उचलून जागेवर ठेवली आणि म्हणाले, "आता एकेक तार वाजवा." सहापैकी एक बोलली. बाकीच्या पाच मुक्या. 'ठप्प, ठप्प' असा लाकडावर टिचकी मारल्यासारखा आवाज. मनगटातून कळ आली. तर्जनीवर तारांचे लाल वळ उठले. माझ्या चेहऱ्याकडे पाहून गुरुजी म्हणाले, "सावकाश, सर. गडिबिडी ब्याड्री."

सीमाभागातल्या वाचकांना या वाक्याचा अर्थ सांगायची गरज नाही. 'सावकाश' दोन्ही भाषांत तोच, आणि 'गडिबिडी' आपल्या 'गडबडी'ची सख्खी बहीण. त्या खोलीत आम्ही दोघे अर्धे मराठीत, अर्धे कानडीत बोलत असू. कोणता अर्धा कोणाचा, याचा हिशेब राहत नसे. त्याचे मराठी धावते होते, पण "सर, तो बोट थोडा खाली घ्या" असे तो म्हणाला की माझ्यातला मराठीचा एम. ए. खडबडून जागा होई. मग वाटे, माझ्या बोटालाच अजून वळण नाही. याच्या लिंगविचाराला कुठे वळण लावत बसू! आणि माझी कानडी क्रियापदे ऐकताना तो जी सभ्य शांतता पाळत असे, तिचीही परतफेड करणे भाग होते.

घरी येऊन मी सौ.ना कागदावर काढलेली आकृती दाखवली. इंग्रजी अक्षरे पाहून त्यांनी कागद बाजूला सारला. म्हणाल्या, "वाजवून दाखवा." मी जमेल तेवढ्या तारा वाजवल्या. त्यांनी पेटीवर बोट फिरवले आणि म्हणाल्या, "अहो, ही तर पांढरी चार! नुसतं सा-ग-प आहे हे."

ज्यांच्या घरी पेटी आहे त्यांना पांढरी चार सांगायला नको. इंग्रजी सी ही आपली पांढरी एक, डी दोन, ई तीन, आणि एफ चार. एफ कॉर्डमध्ये फक्त तीनच स्वर आहेत: पांढरी चार, पांढरी सहा, आणि पांढरी एक. पांढरी चारला सा मानला की हे झाले षड्ज, गांधार, पंचम. सहा तारांवर ते जाड तारेकडून बारीक तारेकडे 'सा, प, सा, ग, प, सा' असे वाटले गेले आहेत. सहा मुक्या तारांचे जे कोडे मला संध्याकाळभर छळत होते, ते एवढ्या ओळखीच्या स्वरांचे निघाले. षड्ज-पंचमाचा तंबोरा, त्यात मध्येच एक गांधार ठेवलेला. कान तयार असणाऱ्यांना एक गंमत सांगतो. चांगल्या लागलेल्या तंबोऱ्याच्या खर्जातून जो स्वयंभू गांधार ऐकू येतो, त्याच्यापेक्षा पेटीचा आणि गिटारचा गांधार किंचित चढा असतो. बारा सुरांत सारखे अंतर ठेवून सप्तक कापले की हे होणारच. सौ.ना हे माहीत होते. मला तीस वर्षांत माहीत नव्हते, कारण विचारायचे कारणच पडले नव्हते.

एफच का अवघड, याचाही छडा लावला. बोटे ठेवण्याचा हाच आकार दांडीवर कुठेही सरकवता येतो. पाचव्या पडद्यावर नेला की तीच पकड ए मेजर होते, म्हणजे पांढरी सहा. आणि ती एफपेक्षा बरीच सोपी जाते. आकार तोच, बोटे तीच, मग फरक कसला? एक तर पडदे सारख्या अंतरावर नसतात. मोठ्या गिटारची तार साधारण ६५० मिलिमीटर लांब असते. तिचा पहिला पडदा टोकाच्या पट्टीपासून सुमारे ३६ मिलिमीटरवर आणि बारावा बरोबर मध्यावर, ३२५ वर येतो. घोडीकडे जावे तसे पडदे जवळ येत जातात. म्हणजे पहिल्या पडद्याशी बोटे सर्वांत जास्त फाकवावी लागतात. दुसरे, तार जिथे पट्टीवर टेकलेली असते त्याच्या अगदी शेजारी ती सर्वांत ताठ असते. कपडे वाळत घालायची दोरी मध्यावर बोटाने खाली ओढता येते. खुंटीजवळ ओढायला मूठ लागते. एफ ही खुंटीजवळची कॉर्ड आहे. आणि नेमकी तीच पहिल्या पुस्तकात येते, कारण सी कॉर्डमधल्या कोणत्याही साध्या गाण्याला तिची गरज पडते. सी हा सा धरला तर एफ हा मध्यम, आणि मध्यम वगळून किती गाणी म्हणणार!

आपल्या संगीताने गिटार स्वीकारली ती हा सगळा त्रास टाळूनच. ब्रिजभूषण काब्रांनी गिटार मांडीवर आडवी घेतली आणि पडद्यांवर बोटे दाबण्याऐवजी तारांवरून धातूची कांडी फिरवली. १९६७ साली शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्याबरोबर त्यांची 'कॉल ऑफ द व्हॅली' ही ध्वनिमुद्रिका आली, तेव्हा गिटारवर मींड ऐकून लोक चकित झाले. पुढे विश्वमोहन भट्टांनी तिला तरफा जोडून मोहनवीणा केली. १९९४ साली राय कूडर यांच्यासमवेत त्यांना ग्रॅमी मिळाले. राग गायचा तर एका सुरातून दुसऱ्यात वाहत जाता आले पाहिजे. पडद्यांचा तिथे अडसरच. मी ही हकिकत गुरुजींना सांगितली आणि विचारले, "मीही कांडी घेऊ का?" तो हसला. "सर, कांडी घेतली तर बोटाला काय काम? तुम्ही हातासाठी आला ना?" यावर बोलण्यासारखे काही नव्हते.

मग त्याने मोबाईलवर एका जुन्या वादकाचे चित्रीकरण दाखवले. जँगो राइनहार्ट. जन्म १९१०. अठराव्या वर्षी, १९२८ साली, राहत्या गाडीला आग लागून याच्या डाव्या हाताची शेवटची दोन बोटे कायमची आखडली. त्याने उरलेल्या बोटांवर सगळे वादन नव्याने बसवले आणि १९५३ साली मरेपर्यंत युरोपातला मोठा गिटारवादक म्हणून तो गाजला. चित्रात त्याचा हात दिसतो. दोन बोटे दांडीवर हरणासारखी धावताहेत आणि दोन बाजूला मिटून बसलेली. मी ते चित्रीकरण घरी पुन्हा पाहिले. त्या रात्री मी हात उशीवर न ठेवता कुशीखाली घेऊन झोपलो.

आता शिकवण्याच्या पद्धतीविषयी. तीस वर्षे फळ्यासमोर घालवलेल्या माणसाला दुसऱ्याचे शिकवणे पाहणे ही मेजवानीच असते. गुरुजी कधीही "अजून सराव करा" एवढे बोलून थांबत नसत. सराव कशाचा, ते सांगत. एका खेपेला एकच गोष्ट.

पहिली गोष्ट अंगठ्याची. सगळे नवशिके अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमट्यात दांडी आवळतात. त्याने मला अंगठा दांडीवरून काढायलाच लावला. कोपर शरीराजवळ घ्या, हाताचे वजन मागे पडू द्या, दांडी ओढली जाईल. अंगठा फक्त मागे टेकलेला, मधल्या बोटाच्या साधारण समोर. चिमटा सुटला आणि मनगटातली कळ निम्मी झाली.

दुसरी गोष्ट तर्जनीच्या कुशीची. बोटाचा तळ मांसल असतो आणि पेरांवर घड्या असतात. तार नेमकी घडीत जाऊन बसते आणि मुकी होते. म्हणून बोट किंचित कुशीवर वळवायचे, अंगठ्याकडच्या हाडाळ बाजूवर. घडीत तार जात असेल तर बोट केसभर वर किंवा खाली सरकवायचे.

तिसरी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटली. त्याने विचारले, "सर, तर्जनीनं किती तारा दाबायच्या?" मी म्हणालो, "सहा." तो म्हणाला, "मोजा की." मी मोजले. पाचवी तार अनामिकेने दाबलेली, चौथी करंगळीने, तिसरी मधल्या बोटाने. त्या तिन्ही तारांवर तर्जनी नुसती पडून आहे. तिने दाबले काय, न दाबले काय, स्वर बदलत नाही. तिच्या वाट्याला खरे काम फक्त तीन तारांचे: सहावी, दुसरी आणि पहिली. म्हणजे टोक आणि बूड यांनी दाबायचे, मधल्या भागाने विसावा घ्यायचा. सहा तारांचा भार एकट्या बोटावर आहे असे समजून ते सगळीकडे जोर लावत होते आणि कुठेच पुरेसा लागत नव्हता. त्या संध्याकाळी पहिल्यांदा पाच तारा बोलल्या.

चौथी गोष्ट उतरत्या पायरीची. सुरुवात पाचव्या पडद्यावर करायची. तिथे सहाही तारा स्वच्छ वाजल्या की एक पडदा खाली. पेटीच्या भाषेत पांढरी सहा, काळी चार, पांढरी पाच, काळी तीन, आणि शेवटी पांढरी चार. प्रत्येक मुक्कामाला मला सुमारे दहा दिवस लागले. रोज वीस मिनिटे. हात दुखला की थांबायचे, ही फिजिओथेरपीच्या बाईंची अट. सौ. स्वयंपाकघरातून ऐकत असत आणि मुकी तार लागली की कणीक मळताना तिचा नंबर सांगत. "दुसरी!" असा आवाज आला की मी तर्जनी सरकवायचो.

पाचवी गोष्ट बदलाची. नुसती कॉर्ड धरता येऊन भागत नाही. गाणे चालू असताना दुसऱ्या कॉर्डवरून तिच्यावर उतरता आले पाहिजे. सी वरून एफ वर जाताना मी सगळी बोटे उचलून हवेत नवीन आकार शोधत असे. गुरुजी म्हणाले, "अनामिका कुठं आहे ते बघा." सी कॉर्डमध्ये अनामिका पाचव्या तारेवर तिसऱ्या पडद्यात असते. एफमध्येही तिथेच! तिने हलायचेच नाही. बाकीच्यांनी तिच्याभोवती जागा बदलायच्या. एक बोट जागेवर राहिले की उरलेल्या तिघांना घर सापडते.

ही पाचवी गोष्ट मी शाळेत वापरली. आमच्या आठवीत एक मुलगी आहे. तिच्या घरी कानडी. गणितात हुशार, पण मराठी बोलायला उभी राहिली की अडखळते, आणि अडखळली की मुले हसतात. अडचण लिंगाची. कानडीत माणसाला पुरुष किंवा स्त्री म्हणायचे. दगड, वीट, घर ही सारी एकाच नपुंसक रांगेत. मराठीत मात्र दगड तो, वीट ती आणि घर ते; आणि त्याला कारण विचाराल तर एम. ए. झालेल्यालाही सांगता येत नाही. त्या मुलीला नियम पाठ होते. हाताला एफची आकृती पाठ होती, तसेच. मी तिला एक वाक्य दिले: "माझे जुने घर मोठे आहे." रोज एकच नाम बदलायचे आणि त्याच्याभोवती बाकीचे शब्द जागा बदलतील तेवढे बदलायचे. घराच्या जागी वाडा, वाड्याच्या जागी खोली. 'आहे' मात्र हलत नाही. ते तिचे जागेवरचे बोट. दिवाळीच्या सुट्टीपर्यंत ती नव्वदएक नामे फिरवून आली होती. मुले हसायची थांबली, कारण ती अडखळायची थांबली. तिला मी गिटारचे काही सांगितले नाही. तिला त्याची गरजही नव्हती.

माझी पांढरी चार पूर्ण बोलली ती २०२४ च्या फेब्रुवारीत, एका गुरुवारी. त्या दिवशी विशेष काही नव्हते. दिवे गेले होते. मी अंधारात, नुसत्या स्पर्शाने बोटे ठेवली आणि एकेक तार छेडत गेलो. सा. प. सा. ग. प. सा. सहाही. मी पुन्हा छेडल्या, कारण खात्री वाटेना. स्वयंपाकघरातून नंबर आला नाही. मेणबत्ती घेऊन सौ. दारात उभ्या राहिल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत. मी डाव्या हाताची मूठ वळून दाखवली. पूर्ण वळत होती. कधीपासून वळत होती कोणास ठाऊक. तारांच्या नादात त्या मुठीकडे पाहायचेच राहून गेले होते.

डॉक्टरांनी नंतर हात तपासून समाधान व्यक्त केले. मनगट मागे वाकवताना थोडी कसर आहे, ती राहील. बोटांच्या टोकांना घट्टे पडले आहेत. मराठी शाळेच्या मुख्याध्यापकाच्या हाताला उतारवयात का होईना घट्टे पडले, याचा मला थोडा अभिमानही आहे.

आषाढीला सौ.च्या भजनी मंडळाचा कार्यक्रम आमच्याच घरी होता. बायकांचा स्वर पांढरी चार. तीस वर्षे हे भजन चालू झाले की मी पुढच्या खोलीत चपला मोजत आणि पाणी देत असे. या वेळी सौ. म्हणाल्या, "अहो, तुम्ही बसा आमच्यात. नुसता सा धरून." मी मागे भिंतीशी बसलो आणि पेटी आणि टाळ यांच्या खाली, ऐकू येईल न येईल इतक्या हलक्या हाताने माझी एकुलती एक कॉर्ड छेडत राहिलो. गाण्यात मध्यम-धैवतावर बराच वेळ मुक्काम पडला की हात थांबवायचा आणि षड्जावर परत आले की सुरू करायचे, एवढेच सौ.नी शिकवून ठेवले होते. तीस वर्षांच्या संसारात आम्ही दोघांनी मिळून वाजवलेले ते पहिले गाणे. मंडळातल्या एक वृद्ध काकू जाताना म्हणाल्या, "तंबोरा छान लागला होता हो!" मी नमस्कार केला. गिटार म्हणून सांगितले नाही.

शेवटी भैरवी झाली, तेव्हा मात्र मला हात आवरावा लागला. भैरवीचा गांधार कोमल, माझ्या कॉर्डचा शुद्ध. दोन्ही एकदम चालायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी गुरुजींना विचारले. तो म्हणाला, "सोपं आहे, सर. मधला बोट उचला, झाला कोमल." उचलले. गांधार कोमल व्हायला हवा होता, पण तिसरी तार मुकी झाली. मधले बोट गेले की तिसऱ्या तारेचा भार पुन्हा तर्जनीवर येतो, आणि तिच्या ज्या मधल्या भागाने इतके दिवस विसावा घेतला, त्यालाच आता दाबायचे आहे.

"सावकाश," गुरुजी म्हणाले.

पुढच्या आषाढीपर्यंत वेळ होता. पुन्हा पाचव्या पडद्यापासून सुरुवात केली आहे. दोन पडदे उतरलो. भैरवीला अजून अवकाश आहे.